टप्प्याटप्प्याची गणती आणि वर्गाची भिंत

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



'पळसाला पाने तीनच' ही म्हण सर्वश्रुत आहे. नागझिऱ्याच्या जंगलाभोवतालच्या गावांतील मूल ही म्हण कानी पडण्याआधीच ते पान हाताळते. पत्रावळी आणि द्रोण त्याच पानांचे होतात. एका देठाला तीन, दोन देठांना सहा, तीन देठांना नऊ. तीनाचा पाढा असा त्याच्या अंगणाबाहेर उभा असतो. तेच मूल शाळेत आले म्हणजे 'तीन एके तीन, तीन दुणे सहा' असे खड्या आवाजात म्हणते. परंतु पाच देठ पुढे ठेवून 'पाने किती?' असे विचारताच एकेक पान बोटाने मोजू लागते. पाठ आहे, पण उपयोग नाही. पाढा आणि पान यांच्यामधील हे अंतर मिटविणे, हा टप्प्याने मोजण्याच्या शिक्षणाचा हेतू होय.

याचा अर्थ पाठांतर टाकून द्यावे असा नव्हे. जुन्या शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकीही घोकून घेत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू होण्यापूर्वी रुपयाचे १६ आणे होते आणि बाजारातील हिशेब या तोंडपाठ कोष्टकांवरच चाले. त्या पाठांतरामागे गरज होती. आज उणीव आहे ती या गरजेच्या जाणिवेची. म्हणून पाढा मुखात येण्यापूर्वी तो हातातून आणि पायातून जावा.

हा विचार नवा नाही. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत मण्यांच्या माळा असतात; पाच-पाच मण्यांचे तुकडे जोडलेली माळ उलगडीत मूल पाच, दहा, पंधरा असे मोजीत जाते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. खेड्यात महागडे साधन परवडणार नाही हे ओळखून त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पाने यांनाच शिक्षणसाहित्याचे स्थान दिले. पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये हेच काम चालले. अलीकडच्या काळात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांनी वर्गाची फरशी आणि भिंत मुलांच्या हाती दिली व राज्यभरातील शिक्षकांनी ती पाहिली. नागझिऱ्याच्या परिसरातील शाळेलाही ही वाट मोकळी आहे.

आता प्रत्यक्ष साधनाकडे वळू. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांची तीन-तीन इंचांची १०० कार्डे कापावीत. एका बाजूस १ ते १०० अंक लिहावेत आणि दुसरी बाजू गेरूने रंगवावी. दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा खिळे, अशा रीतीने ती सुतळीच्या फाशाने टांगावीत. सर्वांत वरची ओळ जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच नसावी. तक्ता शिक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला, तर तो शोभेचा होतो. मुलाच्या हाताच्या उंचीवर लावला, तरच तो साधन होतो.

प्रारंभी एक मूल प्रत्येक दुसरे कार्ड उलटवील आणि वर्ग ती संख्या म्हणेल. शेवटी भिंतीवर पाच उभे लाल पट्टे दिसतात. पाचाच्या टप्प्याने दोनच पट्टे, दहाच्या टप्प्याने एकच. तीनाच्या टप्प्याने मात्र पट्टा उभा न राहता तिरपा जातो. असे का, हे शिक्षकाने सांगू नये. मुलांनी एकमेकांस विचारावे. पुढे दोनाची कार्डे उलटलेली असतानाच तीनाच्या टप्प्याने पुन्हा उलटवावीत. ६, १२, १८ ही कार्डे दोनदा उलटून पुन्हा अंक दाखवू लागतात. दोन्ही पाढ्यांत येणाऱ्या संख्या मूल अशा रीतीने स्वतः शोधते.

भिंतीपूर्वी जमीन घ्यावी. खडूने ० ते ३० अशी रेषा आखून मुलांनी तीन-तीन घरे उडी मारावी. येथे एक चूक हमखास होते. दोनावर उभे राहून तीन घरे पुढे जाताना मूल दोनालाच 'एक' म्हणते आणि चारावर थांबते. उभी असलेली जागा मोजावयाची नाही, पाय टेकला ती जागा मोजावयाची, हे उडीतूनच कळते. फळ्यावर सांगून कळत नाही. तसेच टप्पा नेहमी शून्यापासूनच सुरू करू नये. ३, ८, १३, १८ असे मोजता आले, उलट येता आले, तरच टप्पा समजला. अन्यथा तो पाढ्याचाच दुसरा उच्चार होतो.

मराठी संख्यानामांची अडचणही लक्षात घ्यावी. ९ पासून दहाच्या टप्प्याने जाताना एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस अशी नावे येतात. 'एकोणतीस' ऐकून मूल तिसाच्या घरातील संख्या शोधते. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असे वाचनही दिले, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. वाद काहीही असो, भिंतीवर २९ हे कार्ड ३० च्या लगेच अलीकडे दिसते, तेव्हा 'एक उणे तीस' हा अर्थ डोळ्यांनाच उमगतो. ज्या मुलांच्या घरी गोंडी वा पोवारी बोलतात, त्यांना प्रथम घरच्या भाषेत मोजू द्यावे. उंदी, रंड, मुंद हे शब्द वर्गात ऐकू आल्याने गणित बिघडत नाही. उलट मुलाची भीड चेपते.

शेवटी ज्या कारणासाठी हे सर्व करावयाचे, ते पाहू. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचण्यास आणि मे महिन्यात तेंदूपानांच्या हंगामात कुटुंबाबरोबर अनेक मुलेही जंगलाची वाट धरतात. त्या दिवसांतील गैरहजेरीबद्दल त्यांना रागे भरून काही साधत नाही. महाराष्ट्रात तेंदूपानांचा पुडा साधारणतः ७० पानांचा असतो आणि मजुरी पुड्यांच्या शेकड्यावर ठरते. ७० पाने पाच-पाचने मोजली तर १४ टप्पे, दहा-दहाने मोजली तर ७. तीन-तीनने मोजली तर ६९ वर एक पान उरते. कोणता टप्पा सोयीचा, हा प्रश्न त्या मुलाच्या घरचाच आहे. पुड्यांची मोजणी चुकली, तर दिवसभराच्या उन्हातील श्रमाचा काही भाग हिशेबातून निसटतो. घरातील शाळेत जाणारे मूल ती मोजणी पुन्हा करून 'एक शेकडा आणि पंधरा' असे ठामपणे सांगू शकेल, तर शाळेने त्या घरास काही दिले असे होईल.

काही शाळांत आज मोठा पडदा आणि ध्वनिचित्रे आली आहेत. त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु वीज गेली तरी पुठ्ठ्याचे कार्ड उलटते. या सत्रात प्रत्येक शाळेने एका भिंतीवर १०० खिळे ठोकावेत. महिन्याअखेरीस पाच देठ पुढे ठेवून पुन्हा तोच प्रश्न विचारावा. मुलाचे बोट एकेका पानावर न फिरता देठादेठावर फिरले आणि 'पंधरा' हे उत्तर आले, म्हणजे त्या भिंतीचे काम झाले असे समजावे.