किती वाजले?



भाषण सुरू होण्याआधी किती वाजले ते तुम्ही ऐकलंत. ‘वाजले’ या शब्दापाशी मला आज थांबायचं आहे. मनगटावरचं घड्याळ वाजत नाही, मोबाइलच्या पडद्यावरचे आकडे तर मुकेच. तरी आपण विचारतो, “किती वाजले?” मग वाजतं ते काय?

वाजायचा तो तास. आज तास म्हणजे 60 मिनिटं. पूर्वी तास म्हणजे टांगून ठेवलेली धातूची जाड थाळी. वेळ झाली की तिच्यावर टोला पडायचा आणि तो साऱ्या वस्तीला ऐकू जायचा. पुढे थाळीचं नाव वेळेलाच चिकटलं.

त्याहून जुना शब्द प्रहर. याच्या पोटातही टोलाच आहे. प्रहर आणि प्रहार हे सख्खे भाऊ, दोघांचाही मूळ अर्थ आघात. दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार. उन्हाळ्यात दिवसाचा प्रहर लांबायचा, थंडीत आखडायचा, कारण तो सूर्याच्या हिशेबाने चालायचा. दोन प्रहर उलटले की द्विप्रहर, तीच आपली दुपार. रात्री प्रहराप्रहराने राखण करायची तो पहारा आणि ती करणारा पहारेकरी. दुपारी जेवायला बसताना आपण प्रहर मोजतो आहोत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, इतका तो शब्द अंगवळणी पडला आहे.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती घटका. माझ्या आजोळी देवघराच्या फडताळात तांब्याची एक वाटी होती. ओंजळीत मावेल एवढी, पातळ, आणि बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. लहानपणी मला वाटायचं, ही गळकी वाटी कशाला जपून ठेवली आहे? एकदा आजीने घंगाळात पाणी घेतलं आणि वाटी अलगद त्यावर सोडली. ती तरंगत राहिली. भोकातून पाण्याचा बारीक झरा आत उसळत होता. पाणी काठाला टेकलं, वाटी जराशी कलली आणि ‘बुडुक्’ करून तळाशी गेली. आजी म्हणाली, “भरली घटका!”

ते घटिकापात्र होतं. अशी वाटी दिवसरात्र मिळून 60 वेळा बुडते, असं सूर्यसिद्धान्तात सांगितलं आहे. म्हणजे एक घटका 24 मिनिटांची आणि तिचा साठावा हिस्सा, 24 सेकंद, हे एक पळ. लग्नघरी जोशीबुवा अशाच वाटीवर डोळा ठेवून बसायचे. मुहूर्ताची घटका भरत आली की मंगलाष्टकांची लगबग व्हायची. घट म्हणजे मडकं. घटका, घडी, घड्याळ हे सगळे त्याच कुळातले.

वाटी गेली, पण तिचं पाणी भाषेतून आटलं नाही. दारात आलेल्याला आपण म्हणतो, “घटकाभर टेका.” आजारी माणसाच्या उशाशी बसलेले दबक्या आवाजात सांगतात, “आता घटका मोजतायत.” हे वाक्य ऐकलं की मला ती तांब्याची वाटी दिसते, काठापर्यंत भरत आलेली. ‘थोडाच वेळ उरला आहे’ असं म्हटल्याने ते दिसत नाही. म्हणून हे शब्द मुलांसमोर मुद्दाम बोलावेत, असं मला मनापासून वाटतं.

शेतात मात्र टोला नव्हता आणि वाटीही नव्हती. तिथे माप होतं ते हातातल्या दोरीचं. बैलांच्या वेसणीला बांधलेली, औत हाकणाऱ्याच्या हातात असते ती दोरी म्हणजे कासरा. सूर्य क्षितिजापासून तेवढा वर चढला की ‘दिवस कासराभर वर आला’.

माझ्या मामांच्या गोठ्यात आता बैल नाहीत, दारात ट्रॅक्टर उभा असतो. गेल्या पेरणीला त्यांचा फोन आला, “दिवस कासराभर वर यायच्या आत शेतावर ये.” किती वाजता, हे मी विचारलं नाही. बांधावर पोचलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं आणि मामा नुकतेच पाभरीला हात लावत होते.