साडेपाच परगण्यांचे आंदण
(सोलापूर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



सिद्धेश्वर तलावाकाठचा भुईकोट आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. हा किल्ला एकदा नव्हे, दोनदा लग्नातील आंदण ठरला होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

बहमनी राज्य फुटले आणि सोलापूर विजापूर व अहमदनगर या दोन दरबारांच्या सीमेवर आले. १५२४ साली आदिलशाहाची बहीण बुऱ्हाण निजामशाहास दिली गेली. तिच्यासोबत सोलापूर व साडेपाच परगणे देण्याचे ठरले. ते दिले नाहीत. पुढच्याच वर्षी मेहुणे-मेहुणे रणांगणात समोरासमोर उभे राहिले! चाळीसएक वर्षांनी, तालिकोटच्या लढाईपूर्वी, वधू नगरची चांदबिबी आणि वर विजापूरचा अली आदिलशाह. आंदण पुन्हा तेच सोलापूर.

साडेपाच परगणे म्हणजे कोण? भीमा-सीनेच्या काळ्या रानात राबणारा आपला कुणबी. मोहिमा निघत दसऱ्यानंतर. शाळू त्याच सुमारास पेरला जातो आणि माघ-फाल्गुनात काढणीस येतो. म्हणजे पिकाचे सारे आयुष्य लढाईच्या हंगामात. वेढा घालणाऱ्याच्या घोड्यांना वैरण हवी, आतल्या शिबंदीला धान्य हवे, आणि दोघांचाही हात पडे तो एकाच कणगीवर. बखरकाराने किल्ला कोणी घेतला हे लिहिले. कणगी कोणाची रिकामी झाली, हे लिहिले नाही.

आणि लढत कोण होते? हे सांगताना जीभ अडखळते. १६२४ साली भातवडीस मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथे पडले. समोर मोगलांच्या फौजेत शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव होते. त्या विजयानंतर अंबरने विजापूरच्या मुलखात घुसून सोलापूर घेतले. वर्ष-दोन वर्षांत शहाजीराजे स्वतःच विजापूरच्या चाकरीत गेले. घराणी एक, सोयरीक एक, निशाणे मात्र परक्यांची.

१६६८ साली हा किल्ला मोगलांकडे गेला. पुढे १६९५ पासून चार वर्षे औरंगजेबाची छावणी मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीस, भीमेच्या काठी होती. छावणी कसली, ते एक चालते शहरच! त्या शहराचे पोट भरणारी गावे आजही माचणूरच्या वाटेवर आहेत. सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाताना आपण ती ओलांडतो.