हक्क कागदावरचा आणि हातातला



करारावर सही झाली म्हणजे हक्क पदरात पडला असे नव्हे, हे आम्ही चळवळीतली माणसे अनुभवाने जाणतो. संगणकातही तेच. ज्याची मूळ संहिता कोणीही पाहावी व बदलावी, अशा एका खुल्या टेक्स्ट एडिटरचे मेनू मराठी करावयाचे आम्ही युनियनच्या कचेरीत ठरविले. परवान्याने पूर्ण मुभा दिली होती. शब्द बदलावयास एक दुपार पुरली. त्या संहितेपासून चालता एडिटर बांधावयास मात्र तीन आठवडे लागले. नोडची नेमकी तीच आवृत्ती हवी, पायथन हवे, सी-प्लस-प्लसचा कंपायलर हवा. एक जरी जुळले नाही, तरी बांधणी मध्येच थांबते आणि चूक भलतीकडेच दाखविते. नकाशा हाती दिला, पण यंत्र चालविण्याची रीत सांगितली नाही, तर कारागिराने करावे काय?

जाणत्यांनी हे पूर्वीच ओळखले होते. जीपीएल परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत, बांधणीच्या व बसवणीच्या स्क्रिप्टही मूळ संहितेतच मोडतात, असे स्पष्ट लिहिले आहे. व्हीएस कोडची संहिता २०१५ साली खुली झाली. पण मायक्रोसॉफ्टच्या तयार एडिटरचा परवाना निराळा. म्हणून व्हीएसकोडियमच्या मंडळींनी खुल्या संहितेपासून एडिटर बांधणाऱ्या स्क्रिप्ट लिहून सर्वांपुढे ठेवल्या.

आम्हीही बांधणीची प्रत्येक पायरी वहीत उतरविली आहे. मागून येणाऱ्याचे तीन आठवडे वाचावेत, यासाठीच तर संघटना असते.