संरक्षण किती आणि कोठवर? : ग्वाल्हेरच्या उद्योगांचा अनुभव



कै. गुरुजींच्या स्मृत्यर्थ भरणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. या व्यासपीठावरून बहुधा साहित्य, संगीत, इतिहास यांवर बोलले जाते, आणि तानसेनाच्या गावात ते साहजिकच आहे. आयात शुल्कासारखा रुक्ष विषय मी निवडला, त्याला कारण आहे. येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरची दिनचर्या एके काळी बिर्लानगरच्या गिरणीच्या भोंग्यावर चालत असे. तो भोंगा का थांबला, याचे उत्तर आजही जो तो आपल्या सोयीने देतो. कोणी कामगार संघटनांना दोष देतो, कोणी मालकांना, आणि बरेच जण १९९१ नंतरच्या खुल्या व्यापाराला. यांतले शेवटचे उत्तर तपासून पाहावे, एवढाच आजचा हेतू.

हा वाद आपल्याकडे ग्रंथांतून आला नाही, कापडातून आला. १८८२ मध्ये हिंदुस्थान सरकारने सुती कापडावरील आयात शुल्क उठविले. १८९४ मध्ये तिजोरीच्या नडीपायी ते पुन्हा बसवावे लागले, तेव्हा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली. अखेर १८९६ मध्ये तोडगा निघाला तो असा : परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क, आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्केच अबकारी कर. उजव्या हाताने द्यावे आणि डाव्या हाताने काढून घ्यावे, तसा हा प्रकार. खुल्या व्यापाराचे तत्त्व आपल्या पूर्वजांना भेटले ते या वेषात. त्याविषयी आपल्या मनात जो संशय मुरला आहे, त्याचे मूळ येथे आहे आणि तो संशय निराधार नव्हता.

त्याआधी चार वर्षे, १८९२ मध्ये, न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले होते. इंग्लंडात सिद्ध झालेले नियम सर्व देशांना सर्व काळी लागू पडतात, हे म्हणणे त्यांनी नाकारले आणि जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश लिस्ट यांच्या विचारांकडे लक्ष वेधले. बाल्यावस्थेतील उद्योगाला प्रौढ प्रतिस्पर्ध्यापासून काही काळ आडोसा हवा, हा लिस्ट यांचा युक्तिवाद. त्यातील ‘काही काळ’ या दोन शब्दांकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, असे माझे मत आहे.

आता ग्वाल्हेरकडे वळू. १९२१ मध्ये माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत घनश्यामदास बिर्ला यांनी येथे जियाजीराव कॉटन मिल काढली. ज्या वस्तीला आपण बिर्लानगर म्हणतो, ती या गिरणीभोवती वाढली. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने सर इब्राहीम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. देशी उद्योगांना शुल्काचे संरक्षण द्यावे की नाही, हे त्याने ठरवायचे होते. या आयोगाच्या सभासदांत घनश्यामदास बिर्ला हेही होते. एकाच वर्षी एकच गृहस्थ येथे गिरणी उभारीत होते आणि आयोगात बसून गिरण्यांच्या संरक्षणाचा विचार करीत होते. हितसंबंधांचा प्रश्न आज कोणी उपस्थित केला असता. त्या काळी तो फारसा कोणाला खटकला नसावा.

आयोगाने १९२२ मध्ये संरक्षणाची शिफारस केली, पण तीन अटींवर. उद्योगाला कच्चा माल, बाजारपेठ, मजूर अशी नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणावाचून त्याची वाढ होणे शक्य नसावे, आणि कालांतराने तो संरक्षणावाचून जगाच्या स्पर्धेला तोंड देऊ शकेल, असे दिसावे. विवेकी संरक्षण या नावाने हे धोरण ओळखले जाते. अध्यक्ष रहिमतुल्ला, बिर्ला आणि आणखी तिघा हिंदी सभासदांना या अटी जाचक वाटल्या आणि त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. परक्या सरकारच्या हाती अशा अटी म्हणजे नकार देण्याचे साधन, ही त्यांची भीती १८९६ चा अनुभव पाहता समजण्यासारखी होती. तरीही तिसरी अट, माझ्या मते, या संपूर्ण वादातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे.

कापडाला संरक्षण मिळाले. १९२५ च्या डिसेंबरात अबकारी कर स्थगित झाला आणि पुढच्या वर्षी रद्द झाला. माधवराव महाराजांचे निधन त्याआधी काही महिने, जून १९२५ मध्ये झाले होते, त्यामुळे हे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९३० च्या कायद्याने ब्रिटिश कापडावर १५ टक्के आणि इतर परदेशी कापडावर २० टक्के शुल्क बसले. जपानी कापड तरीही येतच राहिले, म्हणून ब्रिटिशेतर कापडावरील दर १९३२ मध्ये ५० टक्के आणि १९३३ मध्ये ७५ टक्के करण्यात आला. या आडोशाखाली देशी गिरण्या वाढल्या, हे मान्य केलेच पाहिजे. संरक्षणाने काहीच साधत नाही, असे म्हणणाऱ्यांनी तो काळ पाहावा.

स्वातंत्र्यानंतर मात्र हिशेबच थांबला. शुल्क आकारताना निदान किती टक्के आणि का, हे सांगावे लागते. परवाना पद्धतीत तेही उरले नाही, कारण बहुतेक तयार माल देशात येऊच द्यायचा नाही, असे ठरल्यावर शुल्काचा दर किती हा प्रश्न निरर्थक होतो. संरक्षित उद्योगांची चौकशी करण्यासाठी १९५२ मध्ये प्रशुल्क आयोग स्थापन झाला होता. १९७६ मध्ये तोही गुंडाळण्यात आला. तिसरी अट विचारणारे कोणी राहिले नाही. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या पिढीतील मंडळी येथे आहेत; त्यांना अधिक सांगायला नको.

आता भोंग्याचा प्रश्न. जियाजीराव मिल १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात बंद पडली. त्या वेळी सराफ्यातील किंवा पाटणकर बाजारातील कोणत्या दुकानात परदेशी कापडाचे ठाण होते? १९९१ मध्ये कमाल आयात शुल्क १५० टक्क्यांवर आणले गेले ते खरे, पण तयार कापडासारख्या उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील बंधने बहुतांशी तशीच राहिली. त्यांतील अखेरची बंधने १ एप्रिल २००१ रोजी उठली. म्हणजे गिरणी भिंत उभी असतानाच गेली. मुंबई, अहमदाबाद, कानपूर, इंदूर येथील गिरण्यांची कथा वेगळी नाही. त्यांच्यावर मात केली ती मँचेस्टरने नव्हे, ओसाकानेही नव्हे. इचलकरंजी, मालेगाव आणि भिवंडीच्या यंत्रमागांनी केली. १९५६ पासून गिरण्यांना नवे माग वाढविण्यास बंदी होती, नियंत्रित दराचे कापड विणण्याची सक्ती होती, आणि यंत्रमागांना अबकारीत सवलत होती. एका हाताने परदेशी मालापासून रक्षण आणि दुसऱ्या हाताने देशातच गळफास, हे १८९६ च्या तोडग्याचे स्वदेशी रूप नव्हे काय?

एक आठवण येथे करून देतो. संस्थानी काळात ग्वाल्हेरची स्वतःची जकात होती. घटनेच्या ३०६ व्या कलमाने ‘ब’ वर्गातील राज्यांना, त्यांत आपले मध्यभारतही आले, अशी अंतर्गत जकात दहा वर्षांपर्यंत चालू ठेवण्याची मुभा दिली होती. १९५६ मध्ये ते कलम गेले. ती नाकी राहिली असती, तर इचलकरंजीचे कापड कदाचित झाशीलाच अडले असते आणि गिरणी आणखी काही वर्षे जगली असती. पण ते कापड ग्वाल्हेरच्याच गोरगरिबांच्या अंगावर होते, हे त्या युक्तिवादात विसरले जाते.

याच नगराशी नाव जोडलेल्या दुसऱ्या उद्योगाची कथा निराळी आहे. ग्वाल्हेर रेयॉन ही कंपनी ऑगस्ट १९४७ मध्ये येथे स्थापन झाली, आणि पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात असलेल्या नागद्याला १९५४ पासून तिचा कृत्रिम तंतू निघू लागला. परदेशातून येणारा तंतू देशात करायला शिकायचे होते, आणि तो उद्योग खरोखरच शिकला. जगातील मोठ्या उत्पादकांत त्याची गणना झाली. बाल्यावस्थेच्या युक्तिवादाला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. मात्र मूल मोठे झाल्यावरही आडोसा निघाला नाही. २०१० पासून चीन व इंडोनेशिया येथून येणाऱ्या या तंतूवर प्रतिपाटन शुल्क लागू होते, ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये उठले. मधल्या काळात सूतगिरण्या आणि विणकर तक्रार करीत राहिले, कारण एका कारखान्याचा पक्का माल हाच दुसऱ्याचा कच्चा माल असतो. तंतूला दिलेले संरक्षण मागाला दंड ठरते. चंदेरीचे विणकर हे केव्हाच शिकले आहेत. त्यांचे सूत आणि रेशीम बाहेरून येते, त्यामुळे धाग्यावरचे प्रत्येक शुल्क प्रथम त्यांच्या मागावर उतरते. ग्वाल्हेर दरबाराने १९१० मध्ये चंदेरीत विणकामाचे प्रशिक्षण केंद्र काढले होते. कोणावरही शुल्क न लादता कारागिराला बळ देण्याचा तो मार्ग होता, आणि मला तो अधिक पसंत आहे.

खुल्या व्यापाराची बाजू मी घेतो आहे, असे कोणाला वाटेल. म्हणून मालनपूरचे सांगतो. तेथे रंगीत दूरचित्रवाणी संचांच्या चित्रनलिका बनत. सप्टेंबर २००४ पासून थायलंडशी झालेल्या करारान्वये ८२ वस्तूंवरील शुल्क उतरू लागले आणि दोन वर्षांत शून्यावर आले. त्या यादीत चित्रनलिका होत्या. आपल्या उत्पादकांना मात्र काच आणि इतर सुट्या भागांवर शुल्क, महाग वीज आणि महाग कर्ज यांसह सामना करायचा होता. पुढे सपाट पडद्याचे संच आले, आणि नलिकांचा धंदा जगभरच संपला, हे खरे. पण दोन वर्षांत शून्यावर येणे हा घाईचा सौदा होता. भिंत पाडायचीच असेल तर आधी आतल्या माणसाच्या पायातील बेड्या काढाव्यात, हा क्रम तेव्हा पाळला गेला नाही.

२०१८ पासून आपल्या अर्थसंकल्पांतून शुल्के पुन्हा चढू लागली. २०१९ च्या नोव्हेंबरात आपण पूर्व आशियातील मोठ्या व्यापार करारातून बाहेर राहिलो, आणि २०२५ च्या जुलैत ब्रिटनशी करार केला. धोरण दोन्हीकडे झुकते आहे. त्यात मला विसंगती वाटत नाही. प्रत्येक नव्या शुल्काबरोबर त्याच्या समाप्तीची तारीख राजपत्रात छापली जावी, आणि त्याची किंमत कोण मोजतो याची उघड चौकशी व्हावी, एवढीच माझी मागणी आहे.

आता पाळी उलटलीही आहे. ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, आणि भारतीय गालिच्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असलेल्या अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. एक गालिचा विणायला महिने लागतात. मागावर चढलेले काम शुल्काची बातमी वाचून उतरवता येत नाही. अशा वेळी त्या विणकराला स्वस्त कर्ज आणि शुल्कमुक्त लोकर मिळणे, हे कोणत्याही प्रतिशुल्कापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत सनदी लेखापाल आहेत, बँकांतील अधिकारी आहेत. त्यांनी यात लक्ष घातले, तर दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही.