आमचे आजोबा आणि मोंते कासिनोचा मठ
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या देवळाच्या महोत्सवानिमित्त या धर्मग्रामांतील दिवंगत वडीलधाऱ्यांचें स्मरण करावें, आणि त्यांत माझ्या आजोबांविषयीं मीं चार शब्द बोलावे, अशी महोत्सव-मंडळाची आज्ञा झाली. मंडळानें भाषणास 'आपला शूर योद्धा' असें नांव सुचविलें होतें. तें मीं नम्रपणें परत केलें. आजोबांनीं उभ्या आयुष्यांत कोणावर बंदूक रोखली नाहीं. लढाईंत त्यांचें काम जखमी माणसें उचलून आणण्याचें होतें. शिवाय एका गोष्टीसाठीं ते स्वतःस अखेरपर्यंत अपराधी मानीत, आणि ती सांगितल्यावांचून त्यांचें स्मरण पुरें होणार नाहीं.

आपणांपैकीं वडील मंडळींस आजोबा आठवत असतील ते वाडींतल्या पानवेलींत वाकलेले, किंवा कोणाच्या अंत्ययात्रेंत शवपेटीस पुढून डावा खांदा दिलेले. पावसाळ्यांत कोणी आजारी पडलें आणि चिखलांतून गाडी येईना, कीं बोलावणें आमच्याच घरीं येई. खाट उचलणाऱ्या तरुणांस ते बजावीत, कीं चौघांनीं एकच पाऊल टाकूं नये, पाऊल मोडून चालावें. सर्वांचें पाऊल एक पडलें, कीं खाट हेलकावे खाते, आणि तो हेलकावा आजाऱ्यास बाधतो.

अशा माणसाचा मला लहानपणीं एकदां फार राग आला होता. शाळेच्या बक्षीस-समारंभांत माझें नांव पुकारलें गेलें. सारें सभागृह टाळ्यांनीं दुमदुमलें. आजोबा मात्र पुढच्या बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. घरीं येऊन मी दोन दिवस त्यांच्याशीं बोललों नाहीं. आजी म्हणाली, "अरे, तुझ्या बापाच्या लग्नांत तरी त्यांनीं कुठें टाळी वाजविली?" कारण तिलाही ठाऊक नव्हतें.

तें कळावयास कित्येक वर्षें लागलीं. मी महाविद्यालयांत असतांना एक पुस्तक घरीं आणलें होतें, त्यांत दुसऱ्या महायुद्धांतील चित्रें होतीं. त्यांतील एका पानावर आजोबांची नजर खिळली. डोंगरमाथ्यावर दगडांचा एक ढीग, एवढेंच त्या चित्रांत होतें. त्या रात्रीं ओट्यावर बसून ते बोलले.

१९४१ सालीं घरावरील कर्जापायीं ते इंडियन हॉस्पिटल कोअरमध्यें भरती झाले. पुढें १९४३ सालीं ती इंडियन आर्मी मेडिकल कोअरमध्यें विलीन झाली. मिसरमार्गें ते इटलींत गेले, आणि १९४४ च्या फेब्रुवारींत चवथ्या हिंदी डिव्हिजनबरोबर मोंते कासिनोच्या डोंगराखालीं येऊन पोंचले. तेथें रसद खेचरांवरून वर जाई, आणि जखमी माणसें माणसांच्या हाताखांद्यांवरून खालीं येत. रात्रीचा काळोख, पाऊस, पायांखालीं निसरडे दगड, आणि असें तासचे तास. पाऊल मोडून चालण्याची विद्या त्या वाटेवरची. आजोबा म्हणत, वाटेंत जो कण्हत असे त्याची आम्हांस आशा वाटे. जो गप्प होई त्याची भीति वाटे.

त्या डोंगराच्या माथ्यावर संत बेनेडिक्ट यांनीं इसवी सन ५२९ च्या सुमारास स्थापिलेला मठ होता. त्यांचें व त्यांची बहीण संत स्कोलास्टिका हिचें थडगें तेथेंच आहे. आजोबांच्या बहुतेक सोबत्यांच्या लेखीं ती एक थोरली इमारत होती, आणि शत्रु तींतून आपणांवर नजर ठेवून आहे अशी सर्वांची खात्री होती. आजोबांस मात्र तें घर कोणाचें हें ठाऊक होतें. घरून निघतांना पणजीनें त्यांच्या गळ्यांत संत बेनेडिक्ट यांचेंच पदक घातलें होतें.

फेब्रुवारीची १५ तारीख, मंगळवार. राखेच्या बुधवारास आठ दिवस उरले होते. सकाळीं साडेनऊच्या सुमारास विमानें आलीं. प्रथम शंभरांवर मोठीं बॉम्बफेकी विमानें, आणि मागाहून आणखी. मठाच्या भिंती कोसळूं लागल्या तेव्हां पाहणाऱ्या सैनिकांनीं जयघोष केला, टाळ्या पिटल्या. ज्यांनीं त्या डोंगरावरून आपले सोबती रक्तबंबाळ उतरविले होते, त्यांस सुटका झाल्यासारखें वाटलें यांत नवल नाहीं. टाळ्या वाजविणाऱ्यांत आजोबा होते. "मीं जोरानें वाजविल्या," असें ते दोनदां म्हणाले.

त्या भिंतींच्या आंत आसपासचीं गरीब माणसें, बायकामुलें, आश्रयास येऊन राहिलीं होतीं. त्यांपैकीं दोनशेंच्या वर मेलीं. त्या वेळीं जर्मन सैनिक आंत नव्हते, असें आतां बहुतेक इतिहासकार मानितात. ते आले मागाहून, आणि दगडांच्या ढिगांत लपण्याची त्यांची सोय अधिकच चांगली झाली. मठाधिपति ग्रेगोरिओ दियामारे जवळजवळ ऐंशी वर्षांचे होते. दोन दिवसांनीं लांकडी क्रूस घेऊन ते उरल्यासुरल्या माणसांसह डोंगर उतरले. पुढें १८ मे रोजीं ते अवशेष पोलिश सैन्याच्या हातीं आले. बॉम्ब टाकणें युद्धदृष्ट्या योग्य होतें कीं नाहीं, हा वाद अजून मिटलेला नाहीं, व तो मिटविण्याची माझी योग्यता नाहीं. आजोबांनीं सेनापतींस कधीं बोल लाविला नाहीं. त्यांचें बोलणें आपल्या दोन हातांपुरतेंच असे.

पुढें एका लष्करी धर्मगुरूपाशीं त्यांनीं पापनिवेदन केलें. धर्मगुरु परदेशी, आजोबांचें इंग्रजी मोडकें. पाप कोणतें हेंच त्यांस कळेना. शेवटीं आजोबांनीं वर डोंगराकडे बोट दाखविलें आणि टाळी वाजवून दाखविली. त्यानंतर त्यांनीं टाळी वाजविली नाहीं. मीं विचारलें, "पण पापक्षमा मिळाली ना?" ते म्हणाले, "मिळाली. देवानें क्षमा केली याविषयीं मला शंका नाहीं. पण हात माझेच राहिले ना!"

यावरून वडिलांनीं सांगितलेली एक गोष्ट मला नव्यानें समजली. २४ ऑक्टोबर १९६४ रोजीं पोप सहावे पॉल यांनीं पुन्हां बांधलेल्या मठाचें मंदिर पवित्र केलें, आणि सहा आठवड्यांच्या आंत, २ डिसेंबरला, तेच पोप युखरिस्तिक काँग्रेससाठीं मुंबईंत आले. पिकाचे दिवस असूनही आजोबा वाडी टाकून, दहा वर्षांच्या मुलाचा हात धरून, ओव्हल मैदानावर गेले. लोक टाळ्या वाजवीत होते, रुमाल हलवीत होते. आजोबा गळ्यांतलें पदक मुठींत धरून गुडघ्यांवर होते. परततांना गाडींत एवढेंच म्हणाले, "यांनीं तें घर पुन्हां उघडलें." वडिलांस वाटलें, आपल्याच एखाद्या शेजाऱ्याच्या घराविषयीं बोलत असावेत.

आजोबा वारले तेव्हां खांदा देणाऱ्या चौघांत मी होतों. त्यांचा 'इटली स्टार' पत्र्याच्या डब्यांत घरीं राहिला. पदक त्यांच्या गळ्यांत होतें. देवळाच्या दारांतून आम्ही निघालों ते चौघेही एकाच पावलानें. पेटी डोलूं लागली. मागून कोणी वृद्ध गृहस्थ हलक्या आवाजांत म्हणाले, "पोरांनो, पाऊल मोडा." आम्हीं पाऊल मोडलें.