प्रतिस्पर्ध्यांचा गुरू

जबलपूर म्हटले की नर्मदा, भेडाघाट आणि संगमरवराचे कडे डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु लष्करी छावणी, रेल्वेचे जंक्शन आणि १९०४ साली उभा राहिलेला तोफगाड्यांचा कारखाना यांच्या आश्रयाने या शहरात हॉकीही रुजली, आणि ती मुख्यतः अँग्लो-इंडियन कुटुंबांनी जोपासली. ज्या मध्य प्रांताच्या हॉकीचे हे माहेरघर, त्या प्रांताच्या संघातून रेक्स नॉरिस हा हाफबॅक १९२८ साली भारताच्या पहिल्या ऑलिंपिक संघात निवडला गेला.

अ‍ॅम्स्टरडॅमला भारताने पाच सामन्यांत एकोणतीस गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. चौदा गोल एकट्या ध्यानचंदांचे. त्यांचे कौतुक व्हावे तेवढे थोडेच. पण आपल्यावर शून्य गोल झाले, हा पराक्रम मागच्या फळ्यांचा होता, हे आपण सहसा विसरतो. हाफबॅकने चेंडू अडवावयाचा, क्षणभर विचार करावयाचा आणि दुसऱ्याच्या हवाली करावयाचा. शिक्षकाचे काम याहून फारसे निराळे नसते.

अंतिम सामन्यात भारताने ज्या डचांना तीन गोलांनी हरविले, त्यांच्याच संघाला पुढे १९५०नंतरच्या दशकात नॉरिस शिकवू लागले! १९५६ साली मात्र हंगेरीत सोव्हिएत सैन्य घुसल्याच्या निषेधार्थ नेदरलँड्सने मेलबर्नच्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला. गुरूने वर्षानुवर्षे घासून तयार केलेले शिष्य परीक्षेलाच बसू शकले नाहीत. खेळाडूच्या नावापुढे निदान पदक तरी लागते. अशा शिक्षकाच्या नावापुढे काय लिहावयाचे?

पुढे १९६० साली इटलीचा आणि १९६८ साली मेक्सिकोचा संघ त्यांच्या हाती आला. दोन्ही देश यजमान, आणि दोघांनाही हॉकी परकी. मेक्सिकोत तर साखळीतच भारताशी गाठ पडली आणि भारताने आठ गोलांनी सामना जिंकला. त्या दिवशी नॉरिस यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

घरची विद्या परक्यांना शिकविली म्हणून आपण मागे पडलो, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. १९६० साली रोमला आपले सुवर्णपदक गेले ते पाकिस्तानकडे. त्यांची आणि आपली तालीम एकच. आणि १९६८च्या उपांत्य सामन्यात ज्या ऑस्ट्रेलियाने आपल्याला दोन विरुद्ध एक असे हरविले, त्या संघात एरिक, गॉर्डन आणि ज्युलियन पिअर्स हे तीन सख्खे भाऊ होते.  हे पिअर्स घराणे जबलपूरचेच, स्वातंत्र्याच्या सुमारास पर्थला जाऊन स्थायिक झालेले.