त्वचेखालची गाठ आणि पहिला छेद

अंगावर एखादी गाठ हाताला लागली की सामान्य माणूस दोनपैकी एका टोकाला जातो. 'चरबीची असेल' असे म्हणून तो तिला विसरतो, नाही तर कर्करोगाच्या भीतीने त्याची झोप उडते. वास्तविक त्वचेखालच्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. घातक गाठ एक, तर निरुपद्रवी शंभराच्या आसपास, असे प्रमाण वैद्यक सांगते. परंतु ती एक वेळेवर ओळखली गेली की नाही, यावर एका माणसाचे आयुष्य अवलंबून असते.

या एका गाठीला वैद्यकात सार्कोमा म्हणतात. चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची आवरणे अशा मृदू ऊतींतून तो उद्भवतो. प्रौढांच्या सर्व कर्करोगांत त्याचा वाटा सुमारे एक टक्का आहे, आणि त्याचे प्रकार मात्र पन्नासांहून अधिक आहेत. एवढ्या दुर्मिळ रोगाशी सामान्य डॉक्टराची गाठ उभ्या आयुष्यात एखाद-दुसऱ्या वेळीच पडते. शिवाय ही गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही. सुश्रुतसंहितेत मांसार्बुद नावाच्या विकाराचे वर्णन आहे : वेदना नाही, दगडासारखा कठीणपणा, जागचे न हलणे. तो विकार म्हणजेच आजचा सार्कोमा असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण न दुखणारी गाठही गंभीर असू शकते, हे त्या प्राचीन शल्यवैद्याने हेरले होते, हे खरे.

त्वचेखाली चरबीचा थर असतो आणि त्याखाली स्नायूंना लपेटणारे पांढरे, चिवट पटल असते. त्याला फेशिया म्हणतात. या पटलाच्या वर राहिलेला सार्कोमा तो उथळ, आणि त्याखाली गेलेला तो खोल. सुमारे एक-तृतीयांश सार्कोमा उथळ असतात आणि त्यांचे रुग्ण एकंदरीत अधिक काळ जगतात. ही गाठ लवकर दिसते, लहान असतानाच हाती येते आणि खालच्या पटलासह समूळ काढणे सोपे जाते. मात्र उथळपणा हे काही अभयपत्र नव्हे. अमेरिकेतील कर्करोगाच्या अवस्था ठरविणाऱ्या समितीने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या आठव्या आवृत्तीत हातापायांच्या व धडाच्या सार्कोमासाठी खोलीचा निकष वगळला आणि आकाराच्या 5, 10 व 15 सेंटिमीटर अशा मर्यादा ठेवल्या. उथळ गाठीही मोठ्या झाल्या की धोकादायक ठरतात, हा त्यातील बोध आहे.

आकाराइतकेच महत्त्व गाठीच्या स्वभावाला आहे. पेशी मूळ ऊतीपासून किती बदलल्या, किती वेगाने विभागत आहेत आणि गाठीचा किती भाग मृत झाला आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून विकृतिशास्त्रज्ञ तिची श्रेणी ठरवितात. सौम्य श्रेणीची गाठ बहुधा जागच्या जागी वाढते. उग्र श्रेणीची रक्तावाटे फुप्फुसांत पोहोचू शकते. प्रकारही पाहावा लागतो. त्वचेत वाढणारा डर्मॅटोफायब्रोसार्कोमा पुनःपुन्हा उद्भवतो, पण दूरच्या अवयवांत क्वचितच पसरतो. उलट, वृद्धांच्या टाळूवर जांभळट डागासारखा दिसणारा अँजिओसार्कोमा उथळ असूनही अत्यंत घातक असतो. रुग्णाचे वाढते वयही प्रतिकूल ठरते.

वय, प्रकार, श्रेणी या गोष्टी माणसाच्या हातातल्या नाहीत. त्याच्या हातात आहे तो पहिला छेद. सार्कोमा वाढताना भोवतालच्या ऊतींना दाबतो आणि त्यांचे एक खोटे कवच तयार होते. शेंगेतून दाणा काढावा तशी गाठ त्यातून सहज निघते, आणि तेथेच फसगत होते. कारण त्या कवचात आणि त्याच्या पलीकडेही रोगाच्या पेशी असतात. म्हणून गाठ निरोगी ऊतींच्या वेष्टनासह काढावी लागते. अर्बुदाचा अंश मागे राहिला तर तो विझू न दिलेल्या अग्नीप्रमाणे पुन्हा भडकून प्राण घेतो, हा सुश्रुताचा इशारा आजही शब्दशः खरा आहे.

हा प्रश्न जबलपूरसारख्या शहरात विशेष तीव्रतेने जाणवतो. मंडला, डिंडोरी, सिवनी, नरसिंहपूर येथील रुग्णांची धाव जबलपूरकडे असते. येथील वैद्यकीय महाविद्यालय 1955 सालचे आहे. समजा, मंडल्याकडील एखाद्या शेतकऱ्याच्या खांद्यावर गाठ आली. जवळच्या गावी ती अर्ध्या तासात काढली गेली, टाके पडले आणि गाठ कचऱ्यात गेली. काही महिन्यांनी त्याच जागी दुसरी उठली. आता तो जबलपूरला येतो. तेथून नागपूर किंवा मुंबई. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारे लोहमार्ग 1870 साली जबलपुरातच एकमेकांस मिळाले आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली उघडले. तेव्हा वाट आहे. पण पहिली गाठ कोणत्या जातीची होती, केवढी होती, तिच्या कडा रोगमुक्त होत्या काय, याचे उत्तर देणारा कागद त्याच्या पिशवीत नाही.

अशा रुग्णाची पुन्हा शस्त्रक्रिया केली असता उरलेला रोग पुष्कळदा सापडतो. तरी त्याने धीर सोडण्याचे कारण नाही. विस्तृत शस्त्रक्रियेने आणि जरूर तेथे किरणोपचाराने पुष्कळांच्या बाबतीत ही उणीव भरून काढता येते. हातपाय गमवावा लागेल ही भीतीही बहुधा अनाठायी असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1982 साली 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींचा अवयव तोडला होता, तर इतरांचा राखून किरणोपचार दिले होते. दोन्ही गटांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही.

स्वीडनच्या दक्षिण भागात मोठी वा खोल गाठ कापण्यापूर्वीच लुंड येथील तज्ज्ञांकडे पाठविण्याचा प्रघात फार पूर्वीच पडला. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागते असे नाही. नियम लागतो आणि तो पाळणारी माणसे लागतात. पाच सेंटिमीटरांहून, म्हणजे मोठ्या लिंबाहून थोर झालेली, वाढत जाणारी, खोल वाटणारी किंवा काढल्यावर परत आलेली गाठ थेट कापू नये. आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून सुईने तुकडा तपासावा, आणि ती सुईही पुढच्या छेदाच्या रेषेतच जावी. काढलेली प्रत्येक गाठ, ती कितीही क्षुल्लक वाटो, विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवावी. त्याचा अहवाल, काचपट्ट्या आणि मेणात जतन केलेला तुकडा रुग्णाने मागून घ्यावा. शेतीच्या सातबाऱ्याप्रमाणे तो जपून ठेवावा. उपचारानंतर छातीची तपासणी कित्येक वर्षे नियमाने करावी.

गाठ काढण्यास आलेल्या रुग्णाने डॉक्टरांना एवढेच विचारावे : 'ही तपासायला कुठे पाठविणार?' हा प्रश्न विचारण्यास शिक्षण लागत नाही, पैसाही लागत नाही. आणि तो सुरी हाती घेण्यापूर्वी विचारला गेला, तर त्या गाठीचा पुढचा सारा इतिहास बदलू शकतो.